घंटेवरचे साल

नवी मुंबईतील आपल्या धर्मग्रामांत पूर्वजांचा विषय निघाला, की वसईकर घरांतील वडीलधारी माणसे हटकून घंटांची हकीगत सांगतात. मूळची आगरी-कोळी गावे सोडली, तर १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यावर उभ्या राहिलेल्या या नगरात आपण बहुतेक सारे कोठून तरी आलेले. जुनी घरे मागे राहिली, जुनी दप्तरेही. आठवणी तेवढ्या बरोबर आल्या. त्या कितपत विश्वसनीय, हा प्रश्न म्हणूनच आपल्या बाबतीत नुसत्या कुतूहलाचा नाही.

हकीगत अशी : १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला, पोर्तुगीज निघून गेले आणि चिमाजी आप्पांनी चर्चच्या घंटा नेऊन देवळांना वाहिल्या. वाईजवळच्या मेणवलीची घंटा त्यांनीच तेथे अर्पण केली, असे सर्रास सांगितले जाते. ती घंटा आजही तेथे आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली पवित्र मारिया आहे आणि १७०७ हे साल आहे. तेव्हा ती चर्चसाठीच ओतली होती, याविषयी संशय उरत नाही. परंतु मेणवलीचा वाडा व घाट नाना फडणीसांनी बांधला. नानांचा जन्म १७४२ चा, आणि आप्पांचे निधन १७४० च्या डिसेंबरातले! नाशिकला नारोशंकराच्या देवळात १७२१ साल कोरलेली अशीच एक घंटा आहे. ते देऊळही १७४७ चे. म्हणजे या घंटा आज आहेत त्या जागी आप्पांच्या हातून टांगल्या गेलेल्या नाहीत. मधली माणसे, मधली वर्षे गळाली आणि सारे कर्तृत्व एका मोठ्या नावाला जाऊन चिकटले.

हा दोष अडाणीपणाचा नव्हे. फ्रेडरिक बार्टलेट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने सुशिक्षित लोकांना अमेरिकेतील आदिवासींची एक कथा वाचायला दिली आणि पुढे ती वारंवार आठवून लिहायला लावली. अपरिचित तपशील गळत गेले, उरलेले ओळखीच्या साच्यात बसत गेले. त्याचा ग्रंथ १९३२ चा. याहून अस्वस्थ करणारा प्रयोग अलीकडचा आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान फुटले. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून ती बातमी कोठे, कशी कळली ते लिहून घेतले. अडीच वर्षांनी पुन्हा विचारले. ४४ पैकी ११ जणांचे एकही उत्तर जुळेना. स्वतःचे हस्ताक्षर समोर ठेवले, तरी नवी आठवण मागे हटेना. खात्री आणि सत्य या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे प्रबोधनकारांनी, आम्ही धर्मगुरूंनीसुद्धा, ध्यानात घेतलेले बरे.

तरी आठवण खोटी, असा निकाल देणे उतावळेपणाचे होईल. क्रुसावरच्या फलकावरील शब्द चारही शुभवर्तमानांत थोडे थोडे वेगळे आहेत. ‘यहुद्यांचा राजा’ हे मात्र चौघांतही आहे. वसईच्या बाबतीतही ‘घंटा चर्चच्या’ हा गाभा लोकांनी पावणेतीनशेहून अधिक वर्षे बिनचूक जपला. डळमळतो तो काळ आणि कर्ता. आणि आणखी एक गोष्ट निसटते : सांगणाऱ्याला नकोशी असलेली. पोर्तुगीज फौज कलमे ठरवून, शस्त्रांनिशी, वाद्ये वाजवीत बाहेर पडली होती. हे ना विजयाच्या कथेत येते, ना आपल्या दुःखाच्या. घंटेकडे पाहून एकाची छाती फुगते, दुसऱ्याच्या मनात सल उठतो, आणि दोघेही अर्धवट ऐकलेल्या गोष्टीवर विसंबलेले असतात.

हीच क्रिया आपल्या डोळ्यांदेखत चालली आहे. धर्मग्रामातील पहिली मिस्सा कोणाच्या खोलीत झाली, वेदीसाठी टेबल कोणी आणले, यांविषयी अवघ्या चार-पाच दशकांत मी तीन निरनिराळ्या हकीगती ऐकल्या आहेत; तिन्ही शपथेवर सांगाव्यात इतक्या ठाम. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत पहिल्या बालकाचे नाव आणि तारीख मिळते, खोली मिळत नाही. त्या दिवशी तेथे जमलेली तरुण जोडपी आता पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहेत.