विद्यमान लोकसभा-सदस्यांची निवृत्ती व पराभव : कर्जत–खालापूर परिसर

लोकसभेचा मावळता सदस्य पुन्हा निवडून न येण्याची मुख्य कारणे तीन : त्याने स्वतः निवडणुकीपासून दूर राहणे, पक्षाने उमेदवारी नाकारणे आणि मतदारांनी त्यास पराभूत करणे. मतदारसंघांची पुनर्रचना हे चौथे व अप्रत्यक्ष कारण होय. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडणूक लढविणारे बहुसंख्य विद्यमान सदस्य पुन्हा निवडून येतात. भारतात तसे सातत्य आढळत नाही. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

हा परिसर २००८ च्या पुनर्रचनेपूर्वीची सु. तीन दशके कुलाबा लोकसभा मतदारसंघात मोडत असे. कुलाबा जिल्ह्यास १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळाले, तरी मतदारसंघाचे जुने नाव टिकून राहिले. या मतदारसंघातून १९५२ मध्ये चिंतामणराव देशमुख निवडून आले. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ मध्ये ही जागा शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत यांच्याकडे गेली. पुढे भास्कर दिघे (१९६२), दत्तात्रय कुंटे (१९६७), शंकरराव सावंत (१९७१), दि. बा. पाटील (१९७७), अंबाजी तुकाराम पाटील (१९८०) व पुन्हा दि. बा. पाटील (१९८४) हे निवडून आले. १९८४ मध्ये देशभर काँग्रेसची लाट असताना येथे शेतकरी कामगार पक्ष विजयी झाला. त्याच वर्षाच्या आरंभी झालेले भूसंपादनविरोधी आंदोलन दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढले गेले होते. १९८९ मध्ये अ. र. अंतुले निवडून आले. म्हणजे पहिल्या नऊ निवडणुकांत एकाही सदस्यास ही जागा सलग दुसऱ्यांदा मिळाली नाही. १९९१ व १९९६ मध्ये पुन्हा विजयी होऊन अंतुले यांनी ही परंपरा मोडली. १९९८ व १९९९ मध्ये रामशेठ ठाकूर आणि २००४ मध्ये पुन्हा अंतुले निवडून आले.

पुनर्रचनेनंतर कुलाबा मतदारसंघ संपुष्टात आला. अंतुले यांनी २००९ ची निवडणूक नव्या रायगड मतदारसंघातून लढविली व रत्नागिरीचे मावळते सदस्य अनंत गीते यांनी त्यांचा पराभव केला. कर्जत–खालापूरच्या मतदारांना मात्र आपल्या मावळत्या सदस्याविषयी कौल देण्याची संधीच मिळाली नाही; कारण त्यांचा विभाग मावळ मतदारसंघात गेला होता.

मावळ मतदारसंघात बोरघाटाखालील पनवेल, कर्जत व उरण आणि घाटावरील मावळ, चिंचवड व पिंपरी हे विधानसभा विभाग येतात. येथून २००९ मध्ये शिवसेनेचे गजानन बाबर निवडून आले. २०१४ मध्ये पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारून श्रीरंग बारणे यांना दिली. बारणे २०१४, २०१९ व २०२४ असे सलग तीनदा विजयी झाले. बाबर व बारणे हे दोघेही पिंपरी-चिंचवडचे होत. २०२४ मध्ये कर्जत विभागात बारणे पिछाडीवर राहिले, तरी एकूण मतदानात त्यांना स्पष्ट आघाडी मिळाली.

यावरून असे दिसते, की विद्यमान सदस्यास दूर करण्याचा अधिकार कायद्याने सर्व मतदारांना समान असला, तरी त्याचा प्रत्यक्ष प्रभाव मतदारसंघाच्या सीमा कोठे आखल्या जातात, यावर बऱ्याच अंशी अवलंबून असतो.