देवळांखालचे ग्रीस

ग्रीसचे नाव काढले की बहुतेकांना पार्थेनॉनचे खांब आठवतात. हे पुस्तक वाचकाला पार्थेनॉनच्या टेकडीवरून खाली, अगोरात म्हणजे बाजारचौकात घेऊन जाते. तिथल्या सरकारी इमारतींचे बहुतांशी पायेच शिल्लक आहेत, फोटो काढावा असे फारसे काही नाही. तरीही नगरराज्याचा कारभार समजून घ्यायचा तर देवळांपेक्षा हे पायेच अधिक बोलके आहेत, असे माझे मत आहे.

अथेन्सचा थोलोसच घ्या. इ. स. पू. ४७०च्या सुमाराची ही गोल इमारत. पाचशे जणांच्या परिषदेतले पन्नास सदस्य, म्हणजे एका जमातीचे प्रतिनिधी, वर्षाचा दहावा हिस्सा कारभार पाहत आणि त्या काळात इथेच सरकारी खर्चाने जेवत. त्यांचा अध्यक्ष चिठ्ठी टाकून निवडला जाई, तोही फक्त एका अहोरात्रीपुरता. तेवढा वेळ खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याची मुद्रा त्याच्या हाती. पुन्हा ही संधी त्याला आयुष्यात मिळत नसे. तो आणि त्याचे काही सहकारी रात्रीही इथेच मुक्कामाला असत. सत्तेवरचा एवढा अविश्वास आणि सामान्य नागरिकावरचा एवढा विश्वास एकाच छपराखाली नांदत होता! अर्थात स्त्रिया, गुलाम आणि परके यांना या पंगतीत जागा नव्हती, हे विसरून चालणार नाही.

प्रितानेओन या दुसऱ्या सरकारी इमारतीत नगराचा पवित्र अग्नी असे. नवी वसाहत वसवायला निघालेले लोक तो सोबत नेत. ऑलिंपिक विजेत्यांना इथे सरकारी भोजनाचा मान होता. इ. स. पू. ३९९मध्ये दोषी ठरलेल्या सॉक्रेटिसाने शिक्षा म्हणून हाच मान मागितला. न्यायाधीशांना तो विनोद रुचला नाही, हे उघडच आहे.

अथेन्सबाहेर पाहायचे तर आजच्या तुर्कस्तानातले प्रिएनी. तिथले सभागृह जवळजवळ चौकोनी असून तीन बाजूंना पायऱ्यांची आसने आहेत. सहाशेच्या वर माणसे त्यांवर बसत. ते परिषदेचे की सर्व नागरिकांच्या सभेचे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. अशा वादांनी बिचकू नका. या विषयाची खरी गोडी त्यांतच आहे.

अशा इमारतींचे महत्त्व एवढे, की इ. स. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियास सरकारी कचेऱ्या, व्यायामशाळा, नाट्यगृह, बाजारचौक यांपैकी काहीच नसलेल्या पॅनोपेउस या ठिकाणाला नगर म्हणावे का, असा प्रश्न करतो. नवख्या वाचकाने प्रिएनीचा आराखडा समोर ठेवून त्या नगरावरच्या प्रकरणापासूनच सुरुवात करावी. अथेन्स नंतर वाचले तरी चालेल.