कंबर धरली की गोळी! स्नायू सैल करणारं औषध घेताना काय सांभाळायचं?

कांदा काढणी, ऊसतोड, सोयाबीनची कापणी... हंगाम सुरू झाला की गावोगावच्या मेडिकलवर एकच मागणी असते, "कंबर धरलीय, एखादी गोळी द्या." अशा वेळी हातात पडणारी गोळी बऱ्याचदा नुसती दुखण्याची नसते. तिच्यात स्नायू सैल करणारं औषध, म्हणजे मसल रिलॅक्संट, मिसळलेलं असतं. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं असतं. पाकिटावर आरएक्स हे चिन्ह आणि चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना छापलेली असते, पण ती वाचतो कोण?

गोळीत नेमकं काय असतं?

कंपनीचं नाव काहीही असो, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. क्लोरझोक्साझोन, थायोकोल्चिकोसाइड, टिझानिडीन, मेथोकार्बामोल ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. बहुतेक गोळ्यांत सोबत ॲसिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक असतं, काहींत पॅरासिटामॉलही. म्हणजे एका गोळीत दोन-तीन औषधं.

घोळ होतो तो इथेच. सकाळी डॉक्टरांनी दिलेली गोळी, दुपारी शेजाऱ्याने दिलेली दुसऱ्या रंगाची, रात्री ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल. नावं तीन, पण आतलं औषध तेच, आणि डोस झाला दुप्पट. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक जास्त झालं तर पोटात जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवर ताण येतो. उन्हात दिवसभर घाम गाळून, पाणी कमी पिऊन ही गोळी घेतली तर किडनीचा धोका आणखी वाढतो. म्हणून गोळी जेवणानंतर घ्यायची आणि पाणी भरपूर प्यायचं. ज्यांना अल्सर, किडनीचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी तो डॉक्टरांना आधीच सांगायचा.

झोप का येते?

अनेकांना वाटतं की गोळी थेट कंबरेच्या स्नायूवर जाते. तसं नाही. ही औषधं मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतात. त्यामुळे गुंगी, चक्कर, डोकं जड होणं हे यायचंच. कुणाला कमी, कुणाला जास्त. पहिली गोळी शक्यतो रात्री, घरी असताना घ्यावी, म्हणजे आपल्याला ती किती चढते ते कळतं. गुंगी असेपर्यंत मोटरसायकल, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कडबाकुट्टी यांच्या जवळ जायचं नाही. रात्री मोटार चालू करायला विहिरीच्या काठावर जाणंही त्यातच आलं.

दारूचं तर विचारूच नका. दोन्हींची गुंगी एकत्र आली तर माणूस बेशुद्ध पडू शकतो, श्वास मंदावू शकतो. "थोडीशीच घेतली" हे इथे चालत नाही. झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं. म्हाताऱ्या माणसांना रात्री लघवीला उठताना तोल जाण्याची भीती असते. पडून खुब्याचं हाड मोडलं तर कंबरदुखी परवडली असं म्हणायची वेळ येते.

प्रत्येक औषधाची खोड वेगळी

टिझानिडीनने ब्लडप्रेशर खाली येतं. बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना उठताना एकदम डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, म्हणून आधी खाटेवर बसायचं, मग उभं राहायचं. जुलाब किंवा लघवीच्या इन्फेक्शनसाठी दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन या गोळीसोबत अजिबात चालत नाही. रक्तात टिझानिडीनचं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं आणि बीपी धोकादायक पातळीपर्यंत घसरतं. दोन वेगवेगळ्या दवाखान्यांतून औषध घेणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं आणि आधीची पाकिटं सोबत न्यावीत.

क्लोरझोक्साझोनने लघवी नारिंगी किंवा जांभळट लाल होऊ शकते. त्याला घाबरायचं कारण नाही. पण डोळे पिवळे दिसू लागले, मळमळ थांबेना, तर गोळी बंद करून लगेच डॉक्टर गाठायचे. या औषधाने क्वचित यकृताला इजा होते.

थायोकोल्चिकोसाइडबाबत युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2013 मध्ये मर्यादा घातल्या. पोटातून घ्यायची गोळी जास्तीत जास्त 7 दिवस, आणि गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता व 16 वर्षांखालील मुलांना नाही. मूल राहण्याची शक्यता असलेल्या बाईने तर हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

बॅक्लोफेन हे जरा वेगळं प्रकरण. लकवा किंवा मणक्याच्या दुखापतीनंतर हातपाय ताठ होतात, त्यासाठी ते महिनोन् महिने दिलं जातं. पाकीट संपलं, तालुक्याला जायला जमलं नाही म्हणून ते एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. कमी करायचं तर डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू. किडनीच्या रुग्णांत हे औषध अंगात साठतं, त्यामुळे त्यांचा डोस वेगळा.

किती दिवस?

साध्या उसणीला, लचकेला काही दिवस पुरतात. गरम पाण्याची पिशवी, जड ओझं टाळणं आणि थोडंथोडं चालणं यांनीही आराम पडतो, नुसतं खाटेवर पडून राहिल्याने कंबर आणखी आखडते. आठवडा झाला तरी गोळीशिवाय उठता येत नसेल तर दुसरं पाकीट न आणता तपासणी करावी. गोळ्या उरल्या तर त्या दुसऱ्याला देऊ नयेत, आणि पोरांच्या हाताला लागतील अशा फळीवर ठेवू नयेत.

पायात ताकद नसणं, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, जांघेत बधीरपणा, कंबरदुखीसोबत ताप, झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यानंतरचं दुखणं, यात गोळी घेऊन वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं. कुणी जास्त गोळ्या खाल्ल्या, जागं करूनही जागं होत नाही असं दिसलं तर 108 ला फोन लावायचा, माणसाला कुशीवर झोपवायचं, तोंडात पाणी घालायचं नाही आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत द्यायचं.