वाफेचं चांदणीवालं इंजिन आणि आपले दोन तालुके

मंडळी, शिरपामाळ म्हटलं की 1664 ची सुरत स्वारी आठवते. महाराज इथं थांबले, जव्हारच्या राजाने शिरपेच दिला, त्यावरून माळाला नाव पडलं, असं आपण ऐकत आलो. त्यानंतर 200 वर्षांनी, 1864 साली सुरत-मुंबई रेल्वे झाली, ती मात्र किनाऱ्याने. नाशिककडची दुसरी लाईन थळ घाटाने इगतपुरीला चढली. जव्हार-मोखाडा दोन्हींच्या मधे राहिले.

विजेच्या तारा एकीकडे विरारला संपायच्या, दुसरीकडे इगतपुरीला. पुढे सगळी वाफ. स्वातंत्र्यानंतर मेल-एक्सप्रेसना जे इंजिन लागायचं ते डब्ल्यूपी. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, पी म्हणजे पॅसेंजर. बंदुकीच्या गोळीसारखं गोल नाक आणि त्यावर मोठी चांदणी. जुनी माणसं चांदणीवरूनच ओळखायची.

या देखण्या इंजिनामागची गोष्ट मात्र वाईट आहे. त्याआधी विलायतेहून एक्सबी नावाची इंजिनं आणली होती. वेग घेतला की ती रुळावर डोलायची, रूळच वाकडे करायची. तक्रारी होत्या, तरी गाड्या चालू. 17 जुलै 1937 ला पाटण्याजवळ बिहटा इथं एक्सप्रेस घसरली आणि शंभरावर माणसं गेली. मग समिती! तिने 1939 मध्ये अहवाल दिला, तेवढ्यात महायुद्ध लागलं.

नवं इंजिन आपल्याकडची परिस्थिती बघून आखलं. आपला कोळसा राखट, म्हणून आगपेटी रुंद ठेवली. तरी फावड्याने कोळसा टाकायला दोन फायरमन लागायचेच, आणि उन्हाळ्यात त्या फळीवर काय होत असेल ते भट्टीजवळ काम केलेल्यालाच कळेल. पहिली 16 इंजिनं अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीने 1947 साली दिली. नंतर कॅनडा, स्कॉटलंड, पोलंड, ऑस्ट्रिया इथूनही आली. 1963 पासून आपल्या चित्तरंजन कारखान्यात बनू लागली, शेवटचं 1967 ला निघालं. एकूण 755. वेग ताशी 100 किलोमीटरच्या घरात. जगात बाकीचे देश वाफ सोडत होते तेव्हा आपण ती बनवत होतो, यावर हसणारे हसोत. कोळसा आपला होता, डिझेल बाहेरून आणावं लागत होतं.

साठीच्या दशकात तारा इगतपुरीच्या पुढे भुसावळकडे गेल्या, सत्तरीत विरारच्या पुढे गुजरातकडे. 1995 ला ब्रॉडगेजवरची वाफ संपली. कोळसा, डिझेल, वीज असे तीन जमाने झाले, आपला माणूस अजून एसटी नाहीतर जीपने डहाणू-कसारा गाठतो आणि मग गाडीत बसतो. डहाणू-नाशिक रेल्वेची मागणी आजोबांच्या वेळची आहे.

कुणाच्या घरातलं माणूस इगतपुरीच्या शेडमध्ये फायरमन, खलाशी असेल तर त्यांच्या आठवणी खाली लिहा. फोटो असेल तर फारच छान.