वायएमसीए : लंडनच्या कापड दुकानात जन्मलेली तरुणांची संघटना

गाव सोडून नोकरीसाठी महानगरात आलेल्या तरुणाला चांगली सोबत, मोकळ्या वेळेचा सदुपयोग आणि मनाला आधार मिळावा, या हेतूने ६ जून १८४४ रोजी लंडनमध्ये ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ अर्थात वायएमसीएची स्थापना झाली. बारा तरुणांच्या बैठकीतून उभी राहिलेली ही संघटना आज सुमारे १२० देशांत कार्यरत आहे. भारतात वसतिगृहे, शारीरिक शिक्षण, ग्रामविकास आणि तंत्रशिक्षण या क्षेत्रांशी तिचे नाव जोडले गेले आहे.

पार्श्वभूमी

संस्थापक जॉर्ज विल्यम्स यांचा जन्म १८२१ मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील शेतकरी कुटुंबात झाला. १८४१ मध्ये ते लंडनला आले आणि सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या परिसरातील ‘हिचकॉक अँड रॉजर्स’ या कापडाच्या पेढीत नोकरीस लागले. औद्योगिक क्रांतीमुळे शहराकडे लोटलेल्या अशा हजारो तरुणांना आठवड्याचे सहा दिवस, दररोज बारा तासांहून अधिक काळ काम करावे लागे. अनेकांचा मुक्काम दुकानाच्या माडीवरील दाटीवाटीच्या खोल्यांतच असे. कामानंतर विरंगुळ्यासाठी मद्यगृहे आणि जुगाराचे अड्डे यांखेरीज फारसे काही नव्हते. विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रार्थना आणि बायबलवाचनासाठी एकत्र येण्यास सुरुवात केली. वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या तरुणांना एकाच मंडळात स्थान देणे, हे त्या काळात या उपक्रमाचे वेगळेपण ठरले. विल्यम्स यांना १८९४ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले.

जागतिक विस्तार

१८५१ मध्ये मॉन्ट्रियल आणि बोस्टन येथे शाखा सुरू होऊन संघटनेने उत्तर अमेरिकेत पाऊल ठेवले. १८५५ मध्ये पॅरिस येथे पहिली जागतिक परिषद भरली आणि ‘पॅरिस बेसिस’ या नावाने ओळखले जाणारे ध्येयपत्र स्वीकारण्यात आले. ही परिषद घडवून आणण्यात जिनिव्हा शाखेचे हेन्री द्युनां यांचा मोठा वाटा होता. पुढे रेडक्रॉसच्या स्थापनेमुळे त्यांचे नाव जगभर झाले आणि १९०१ मध्ये ते शांततेच्या पहिल्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. वायएमसीएचे जागतिक नेते जॉन मॉट यांनाही १९४६ मध्ये हा पुरस्कार विभागून मिळाला.

मात्र बंधुभावाच्या या ध्येयाला संघटनेतच मर्यादा पडल्या होत्या. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना स्वतंत्र शाखा काढाव्या लागल्या. गुलामगिरीतून मुक्त झालेले अँथनी बोवेन यांनी १८५३ मध्ये वॉशिंग्टन येथे अशी पहिली शाखा स्थापन केली. वांशिक भेदभाव संपवण्याचा ठराव तेथील राष्ट्रीय परिषदेने १९४६ मध्ये केला.

खेळांची देणगी

शरीर, मन आणि आत्मा यांच्या एकत्रित विकासावर भर असल्याने व्यायामशाळा हे वायएमसीएचे ठळक अंग बनले. अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथील संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये बास्केटबॉलचा खेळ तयार केला. हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावा, म्हणून फळांच्या टोपल्या उंचावर टांगून हा खेळ सुरू झाला. १८९५ मध्ये होलिओक शाखेचे विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल शोधून काढला.

भारतातील वाटचाल

भारतात पहिली शाखा १८५७ मध्ये कोलकात्यात सुरू झाली. त्यानंतर १८७३ मध्ये त्रिवेंद्रम आणि १८७५ मध्ये मुंबई येथे शाखा निघाल्या. १८९१ मध्ये मद्रास येथे राष्ट्रीय परिषदेची स्थापना झाली. आरंभी सूत्रे प्रामुख्याने परदेशी कार्यकर्त्यांकडे होती. १९१६ मध्ये सेलमचे के. टी. पॉल हे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाले आणि कामाचा रोख बदलला. शहरी तरुणांसाठी निघालेली ही संघटना पतपुरवठा आणि सहकाराच्या मार्गाने खेड्यांकडे वळली. तत्कालीन त्रावणकोरमधील मार्तंडम येथील केंद्राने मधमाशीपालन आणि कुक्कुटपालनाचे शिक्षण देऊन ग्रामीण कुटुंबांना पूरक उत्पन्नाचा मार्ग दाखवला.

पहिल्या महायुद्धात परदेशी आघाड्यांवरील भारतीय सैनिकांसाठी संघटनेने विश्रांती केंद्रे चालवली. निरक्षर जवानांची घरची पत्रे लिहून देण्याचे कामही तेथे होत असे. उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जाणाऱ्या भारतीयांकरिता १९२० मध्ये लंडनला वसतिगृह उघडण्यात आले. ते आजही सुरू आहे.

त्याच वर्षी हॅरी क्रो बक यांनी मद्रास येथे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन केले. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला गेलेल्या भारतीय पथकाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. १९२७ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली. तिचे पहिले सचिव डॉ. ए. जी. नोरेन हेही वायएमसीएचेच होते.

राजकीय प्रश्नांपासूनही संघटनेचे नेते अलिप्त राहिले नाहीत. पॉल यांनी पहिल्या, तर त्यांचे उत्तराधिकारी एस. के. दत्त यांनी दुसऱ्या गोलमेज परिषदेत भारतीय ख्रिस्ती समाजाचे प्रतिनिधित्व केले. दोघांनीही धर्माधारित स्वतंत्र मतदारसंघांना विरोध दर्शवला होता.

आजचे स्वरूप

नावात ‘तरुण पुरुष’ आणि ‘ख्रिश्चन’ हे शब्द कायम असले, तरी आज स्त्रिया आणि सर्व धर्मांचे नागरिक संघटनेच्या उपक्रमांत सहभागी होतात. १९६९ मध्ये फरिदाबाद येथे जर्मन सहकार्याने सुरू झालेली तंत्रशिक्षण संस्था आता जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने राज्य विद्यापीठ बनली असून ‘वायएमसीए’ ही अक्षरे तिच्या नावात टिकून आहेत. मुंबईत कुलाबा आणि आग्रीपाडा येथील निवासस्थाने परगावच्या पाहुण्यांना परिचित आहेत. अनोळखी शहरात निवारा शोधणाऱ्या तरुणाची १८४४ मधील गरज आजही संपलेली नाही आणि संघटनेच्या वसतिगृहांचे महत्त्वही त्यामुळेच टिकून आहे.