दोन तळीं

रोह्याहून दक्षिणेस निघालेली गाडी माणगांव व गोरेगांव मागें टाकून वीर स्थानकांत येते. कोकण रेल्वेचा उत्तरेकडील पहिला टप्पा १९९३ सालीं येथवरच खुला झाला. महाडास जाणारे उतारू येथें उतरतात. ह्या लोहमार्गाच्या पश्चिमेस, डोंगरांच्या आड, तळें नांवाचें गांव आहे. आणि वीरहून पुढें महाडास गेलें कीं भरवस्तींत चवदार तळें आहे. नांवांच्या ह्या योगायोगाला फारसा अर्थ नाहीं. तरी मराठी कादंबरीचा इतिहास सांगतांना हीं दोन तळीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याचा मोह मला आवरत नाहीं.

तळें गांवीं १८८२ सालीं वामन मल्हार जोशी जन्मले. त्यांच्या आधीं हरिभाऊ आपट्यांनीं यमूला स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडून सांगावयास लाविलें होतें, आणि मध्यमवर्गीय घराचें माजघर बोलूं लागलें होतें. पण यमू सोसते व सांगते. वामनरावांच्या नायिका प्रश्न विचारतात. ‘रागिणी’तील उत्तरा स्त्रियांच्या हक्कांविषयीं पुरुषांशीं तोडीस तोड वाद घालते. ‘सुशीलेचा देव’ ह्या १९३० च्या कादंबरींत तर कथानक म्हणजे एका मुलीची देवाविषयींची कल्पनाच. लहानपणच्या देवापासून ती निघते आणि वयाबरोबर, दुःखाबरोबर त्या शब्दाचा अर्थ बदलीत जाते. पात्रें फार बोलतात, गोष्ट पुढें सरकत नाहीं, ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. परंतु ‘विश्ववृत्त’ मासिकांतील एका लेखापायीं ज्यानें तुरुंग भोगला आणि पुढें कर्व्यांच्या महिला विद्यापीठांत मुलींना शिकविलें, त्याला वादविवाद हा फावल्या वेळचा विलास वाटत नव्हता. विरुद्ध पक्षाचें म्हणणें इतक्या प्रामाणिकपणें मांडणारा दुसरा कादंबरीकार त्या काळीं मला दिसत नाहीं.

मात्र हा वाद दिवाणखान्यांत चालतो. तेथें बसावयाला ज्याला मुभा, त्यालाच आत्मशोधाचीही मुभा.

सुशीला वाचकांच्या हातीं येण्यापूर्वीं तीन वर्षें, २० मार्च १९२७ रोजीं, डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी चवदार तळ्याचें पाणी प्याले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ते पुन्हां आले; मुंबईहून बोटीनें दासगांव बंदरास उतरले आणि तेथून मंडळी चालत महाडास गेली. २५ तारखेस मनुस्मृतीचें दहन झालें. तें सर्वांस ठाऊक आहे. त्या परिषदेस आलेल्या बायांपुढें डॉ. आंबेडकरांनीं जें भाषण केलें, त्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचें लक्ष कमी जातें. मुलींना शिकवा, जातीची खूण म्हणून राहिलेले जड दागिने टाका, लुगडें इतर स्त्रियांप्रमाणें नेसा, असें त्यांनीं सांगितलें. आणि कित्येकींनीं लगोलग नेसण्याची तऱ्हा बदलली, असें परिषदेचे वृत्तान्त सांगतात. सुशीलेला आपला देव बदलावयाला एक अख्खी कादंबरी लागली. ह्या बायांनीं निऱ्या घोट्यापर्यंत सोडल्या तेव्हां त्यांची स्वतःविषयींची कल्पना बदलली होती. दोहोंत श्रेष्ठ कोणतें, हा प्रश्न पोरकट होईल. पण दुसरी घटना पहिलीपेक्षां कमी आंतरिक होती, असें कोणी म्हणूं नये.

वामनरावांना दोष देण्यांत स्वारस्य नाहीं. ज्या घरांतून ते आले, त्या घराची बारीकसारीक तपासणी त्यांनीं केली. दुसऱ्या घराची किल्ली त्यांच्याजवळ नव्हती. ती ज्यांच्याजवळ होती, त्यांनीं कादंबरीची वाट पाहिली नाहीं. बेबी कांबळे ह्यांचें ‘जिणं आमुचं’ १९८६ सालीं पुस्तकरूपानें आलें. १९८९ सालीं मीनाक्षी मून व उर्मिला पवार ह्यांनीं आंबेडकरी चळवळींतील स्त्रियांना शोधून, त्यांच्या तोंडच्या हकीगती ‘आम्हीही इतिहास घडवला’ ह्या ग्रंथांत एकत्र केल्या. उर्मिलाबाई कोकणांतल्याच. पुढें २००३ सालीं त्यांनीं स्वतःची कहाणी लिहिली आणि तिला ‘आयदान’ हें नांव दिलें. आयदान म्हणजे बांबूच्या विणीचीं सुपें, टोपल्या. त्यांची आई तीं विणून संसार चालवीत असे.