माशाला किती पाणी लागते?

धरण बांधताना शेतीला किती पाणी आणि शहराला किती, हे दोन हिशेब मांडले जातात. नदीतल्या माशाला किती, हा तिसरा हिशेब बहुधा राहून जातो. कॅलिफोर्नियातील प्यूटा क्रीक या लहान नदीवर तो कसा मांडला गेला, ते आपण पाहू.

१९५७ साली या नदीवर मॉन्टिसेलो धरण उभे राहिले. त्याखालच्या बंधाऱ्यापाशी बहुतेक पाणी कालव्यात वळू लागले. समुद्रातून नदीत चढून अंडी घालणाऱ्या चिनूक सामन माशाची वाट आटली. १९८९च्या दुष्काळात पात्राचा मोठा भाग कोरडा पडला आणि १९९० साली नागरिक न्यायालयात गेले.

धरणाखालचे मासे 'सुस्थितीत' राहतील इतके पाणी सोडावे, असा कॅलिफोर्नियात जुना कायदा आहे. पण सुस्थिती म्हणजे काय? मत्स्यशास्त्रज्ञ पीटर मॉइल यांनी तीन कसोट्या मांडल्या : प्रत्येक मासा निरोगी हवा, त्या जातीची संख्या टिकायला हवी आणि मूळच्या जातींचा समुदाय नांदायला हवा.

२००० साली समझोता झाला. त्यात पाण्याच्या प्रमाणाइतकेच वेळेला महत्त्व मिळाले. वसंताच्या सुमारास मूळच्या माशांच्या विणीसाठी जादा विसर्ग, वर्षभर वाहती धार आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सामनला वर बोलावणारा लोंढा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की परक्या माशांनी व्यापलेल्या खालच्या टप्प्यात मूळचे मासे पुन्हा पसरले होते. सामनही येऊ लागले.

पण ते आले कोठून? माशाच्या कानातील खड्यावर झाडाच्या खोडासारखी वलये असतात. ज्या पाण्यात मासा वाढला, त्यातील स्ट्रॉन्शियमची खूण त्यांत उमटते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अशा तपासणीतून कळले, की बहुतेक सामन मत्स्यबीज केंद्रांत जन्मून वाट चुकलेले होते. म्हणजे पाण्याने दार उघडले, पण घर अजून वसायचे होते. दुसरी कसोटी पुरी होण्यासाठी येथे जन्मलेली पिल्ले समुद्रातून येथेच परतायला हवी होती.

आम्हा संशोधकांना यातून एक धडा मिळाला : नदीत किती पाणी आहे एवढेच मोजू नये, ते केव्हा आहे हेही नोंदवावे. गावच्या नदीची अशी वर्षभराची नोंद आपले विद्यार्थीही ठेवू शकतील.